सांगून झाल्यानंतरचं नाटक

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातल्या एका हौशी संस्थेची मंडळी दोन अंकी नाटक बसवताहेत. कोपरखैरण्यात राहणारा चाळिशीचा नवरा, शाळेत शिकवणारी बायको, नवऱ्याचा कॉलेजपासूनचा मित्र, नवऱ्याची आई आणि सोसायटीचा सेक्रेटरी अशी पाच पात्रं. नवरा आणि मित्र यांचं एकमेकांवर प्रेम आहे, आणि ते पहिल्या अंकाच्या पडद्याला उघड होतं. दिग्दर्शिका विचारतात की वाचनाला लोक नको तिथे हसतात, दोन्ही नट एकमेकांना हात लावताना अवघडतात, आणि संस्थेतली जुनी माणसं म्हणतात हा विषय ठाण्याच्या प्रेक्षकाला चालायचा नाही. काय करावं?

ताई, तुमची संहिता मी दोनदा वाचली, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. आधी हे सांगतो की नाटक करा. तुमच्या लेखकाचा कान चांगला आहे. सासू-सुनेचा भाजी निवडतानाचा प्रवेश मी मोठ्याने वाचला तेव्हा घरातल्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. पण रचनेत एक मोठी चूक आहे आणि तुमच्या बऱ्याच अडचणी त्या एका चुकीतून आल्या आहेत.

तुमचा पहिला अंक पन्नास मिनिटांचा, आणि ती पन्नास मिनिटं एकच गोष्ट लपवण्यात जातात. मोबाइल उलटा ठेवणं, बाल्कनीत जाऊन बोलणं, 'कोणाचा फोन होता' आणि 'ऑफिसचा'. प्रेक्षकाला विषय जाहिरातीतून कळलेला असतो, नाहीतर शेजारच्याने सांगितलेला असतो. दहाव्या मिनिटाला त्याला उत्तर माहीत असतं. उरलेली चाळीस मिनिटं तो पात्रांच्या पुढे जाऊन थांबतो, आणि पुढे जाऊन थांबलेला प्रेक्षक हसतो. बायकोने 'तुम्ही दोघं अगदी नवरा-बायकोसारखे भांडता' म्हटलं की त्याला आपण हुशार असल्याचा आनंद होतो, म्हणून हशा येतो. त्या हशात द्वेष नाही. आपल्याला माहीत आहे आणि तिला माहीत नाही, याची ती गुदगुली आहे. नटांना 'गंभीर करा, गंभीर करा' सांगून ती जाणार नाही. ती घालवायची असेल तर बायकोला प्रेक्षकाच्या बरोबरीला आणा.

म्हणून उघड होणं पहिल्या पंधरा मिनिटांत घ्या. आणि ते पकडलं जाणं नको, नवऱ्याने स्वतः सांगणं ठेवा. फार तयारी करून नको, मुलीच्या सहलीचे पैसे भरायचे राहिले यावरून वाद चालला असताना. सांगून झालं की नाटक सुरू होतं. त्याच रात्री झोपायचं कुठे? उद्या सकाळी डबा कोण भरणार? दुसरीतल्या मुलीसमोर बोलायचं कसं? सासूला कळू द्यायचं का? या प्रश्नांना प्रेक्षकाकडेही उत्तर नसतं, त्यामुळे तो पुढे पळत नाही, बरोबर चालतो. आमच्याकडे अशा नाटकांत गुपित फोडण्यावर फार जीव टाकला जातो आणि फुटल्यावर लेखकाकडे दुसऱ्या अंकासाठी भाषणंच उरतात. तुमच्या दुसऱ्या अंकात मी मोजली, चार आहेत. पानपानभर.

मग पहिल्या अंकाचा पडदा कशावर पाडायचा? मी असतो तर यावर पाडला असता: बायको मित्राला फोन करते आणि साध्या आवाजात म्हणते, 'रविवारी जेवायला ये. तुझ्या आवडीचं करते.' फोन ठेवते. ब्लॅकआऊट. मध्यंतरात लोक वडा खातानाही त्या रविवारबद्दलच बोलतील.

आता सेक्रेटरी. हे पात्र तुम्ही हशासाठी घेतलं आहे हे स्पष्ट दिसतं. तो दोघांची नक्कल करतो, हात मुरडून बोलतो. हे पात्र काढा. यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण ही चूक मी स्वतः केली आहे आणि ती मला अजून सलते.

वीसेक वर्षांपूर्वी मी एक विनोदी नाटक बसवलं होतं. त्यात एक बायकी चालीचा नोकर होता, गळ्यात दुपट्टा. दर प्रयोगाला त्याला सात हशे ठरलेले. आठवा आला तर आम्ही नटाची पाठ थोपटायचो. विंगेत एक एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा रंगसाहित्य सांभाळायचा. वेळेचा पक्का, बोलायला कमी. एन्ट्रीच्या आधी तो दुपट्टा घडी मोडून नटाच्या हातात द्यायचा. बारा वर्षांनी तलावपाळीला चहा पिताना तो मला म्हणाला, 'दादा, मी गे आहे हे तुम्हाला आता सांगतोय. तेव्हा त्या दुपट्ट्याला रोज इस्त्री मीच करायचो.' एवढंच बोलला आणि पुढच्या प्रयोगाच्या लाइट्सबद्दल विचारायला लागला. मला त्यानंतर ते नाटक पुन्हा काढावंसं वाटलं नाही, जरी ठेकेदारांनी दोनदा विचारलं.

प्रेक्षागृहात पाचशे माणसं असतील तर त्यांत असा मुलगा असणारच. तुमच्या बॅकस्टेजलाही असू शकतो, तालमीच्या हॉलबाहेर चप्पल काढून आत येणाऱ्यांतही. त्याला डोळ्यांसमोर ठेवून हशे तपासा. विनोद हवाच. पण तो या माणसांच्या धांदलीतून येऊ द्या. रविवारच्या जेवणाच्या प्रवेशात तिघांनाही एकाच वेळी 'अजून घे ना' म्हणायची घाई होते आणि पानात आमटी सांडते, तो हशा मला हवा आहे. त्यात कोणी कोणाला हसत नाही.

स्पर्शाकडे येतो. तुम्ही लिहिलं आहे की मिठीच्या जागी दोघंही गडबडतात. ते का, ते नीट बघा. आपल्याकडचे दोन पुरुष मिठी मारतात तेव्हा तिसऱ्या सेकंदाला एकमेकांच्या पाठीवर थाप मारतात. ती थाप म्हणजे 'यात दुसरं काही नाही हां' अशी ग्वाही असते. तुमचे नट ती थाप मारत असणार, आणि तुम्ही 'मारू नका' म्हटलंत की त्यांना हातांचं काय करायचं ते कळत नसणार. मिठी काढून टाका. चुंबनही नको, निदान या नाटकात नको. चुंबन आलं की प्रेक्षक ती दोन पात्रं विसरतो, नटांकडे बघायला लागतो आणि शेजारच्याची प्रतिक्रिया तपासतो.

आठेक वर्षांपूर्वी मी अशाच विषयावरचं एक नाटक बसवलं. दीड महिना आम्ही हाच घोळ घालत होतो. एका संध्याकाळी त्यातल्या एका नटाचे डोळे आलेले. तो काळा चष्मा लावून तालमीला आला आणि बाकी सगळे चार हात लांब बसले. तिथे मला प्रवेश सापडला.

मित्राचे डोळे आलेले आहेत. घरातले सगळे त्याच्यापासून लांब. टॉवेल वेगळा, उशी वेगळी, मुलीला खोलीत यायचं नाही. टेबलावर ड्रॉप्सची बाटली. तो स्वतः टाकायचा प्रयत्न करतो आणि थेंब गालावर पडतो. दुसरा येतो, हात धुतो, पुसतो. 'मान मागे कर.' अंगठ्याने खालची पापणी अलगद ओढतो. एक थेंब. तो दचकतो. थांबतो. दुसऱ्या डोळ्याला एक थेंब. 'मिटून ठेव. एक मिनिट.' आणि ते एक मिनिट तो बाजूला होत नाही. डोळे मिटलेल्या माणसाच्या कपाळावरचा हात तसाच राहतो. संवाद नाही, संगीतही नाही, पंख्याचा आवाज तेवढा.

आम्ही घड्याळ लावून बघितलं, थेंबापासून हात उचलेपर्यंत चाळीस सेकंद. रंगभूमीवर चाळीस सेकंद शांतता फार मोठी असते, नटाला ती चार मिनिटांसारखी वाटते. पहिल्या प्रयोगाला विंगेत माझी बोटं गार पडली होती. कोणी हसलं नाही, कोणी खोकलंही नाही. ज्याचे डोळे आलेत त्याच्या जवळ जायचं नसतं हे प्रत्येक घराला माहीत आहे, त्यामुळे तो जवळ जातो म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. आणि याच्या आधीच्या प्रवेशात नवऱ्याचे डोळे आलेले असताना बायको बाटली टेबलावर ठेवून 'टाकून घे' म्हणत निघून गेलेली असते. तिला शाळेची बस गाठायची असते, तिचं काही चुकत नाही. पण प्रेक्षक दोन्ही बाटल्या जोडून बघतो.

तांत्रिक बाजू सांगतो, कारण ती चुकली की प्रवेश पडतो. खुर्ची प्रेक्षकांकडे सरळ तोंड करून ठेवू नका, तिरकी ठेवा, म्हणजे मागे टाकलेल्या मानेची रेघ बाल्कनीतूनही दिसते. समोरचा लाइट कमी करून विंगेतून एक बाजूचा घ्या. बाटली धुऊन रिकामी ठेवा. थेंब तसेही अकराव्या रांगेपलीकडे दिसत नाहीत, दिसतं ते दचकणं. आणि थेंब टाकणाऱ्या नटाने श्वास रोखून धरायचा नाही, त्याचा ताण थेट समोर पोहोचतो.

नटांच्या अवघडलेपणाबद्दल. त्याला त्यांचा कमीपणा समजू नका. स्पर्श नृत्यासारखा मोजून बसवा: कुठला हात, कुठे, कितव्या वाक्याला, किती वेळ. ठरलेल्यापेक्षा एक बोटही पुढे जायचं नाही, 'आज मूड लागला' म्हणूनही नाही. प्रत्येक प्रयोगाआधी दोघांनी मेकअप रूममध्ये तो भाग एकदा कोरडा करून बघायचा आणि कोणाला त्या दिवशी नको असेल तर ते तेव्हाच सांगायचं. शिस्त पक्की असली की मोकळेपणा येतो, हा माझा अनुभव आहे. शिवाय नटांच्या घरच्यांशी तुम्ही स्वतः बोला. माझ्या नाटकातला एक चांगला नट प्रयोगाला आठ दिवस असताना गेला, सासरकडच्यांना भूमिका कळली म्हणून. आधी एकदा चहाला गेलो असतो तर कदाचित थांबला असता.

आणि एक. ही भूमिका करणारा नट प्रत्यक्ष आयुष्यात कोण आहे, हे कोणी विचारायचं नाही. तुम्हीही नाही, संस्थेच्या अध्यक्षांनीही नाही, मुलाखत घेणाऱ्यानेही नाही. त्याला स्वतःहून सांगायचं असेल तर तो सांगेल.

आता तुमच्या नाटकातलं सगळ्यात दुर्लक्षित पात्र, बायको. तुम्ही तिला आधी संशयी केलं, मग रडवलं, आणि शेवटी तिच्याकडून एक मोठं क्षमेचं भाषण करून घेतलं. हे अन्यायाचं आहे. दहा वर्षं ही बाई काय समजून चालली असेल? आपल्यातच काही कमी आहे. वजन वाढलं म्हणून असेल, मुलगी झाल्यावर आपण लक्ष दिलं नाही म्हणून असेल. तिने जिम लावली असेल, केस कापले असतील, एखाद्या मैत्रिणीला आडून आडून विचारलं असेल. नवऱ्याने सांगितल्यावर तिला धक्का बसेलच, पण त्याच्या खालोखाल एक सुटकाही असेल: म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं. आणि लगेच संताप: मग दहा वर्षं मला का वाटू दिलंस? ही सुटका आणि हा संताप एकाच वाक्यात यायला हवेत. तुमच्या संहितेत आज दोन्ही नाहीत.

ठाण्याच्या घाणेकर नाट्यगृहात प्रयोग संपल्यावर साठीच्या एक बाई माझ्यासाठी थांबल्या होत्या. म्हणाल्या, 'माझ्या धाकट्या दिराचं असंच होतं. आम्हीच त्याचं लग्न लावलं. ती पोरगी अजून आमच्यात आहे, सगळं करते. तिला मी आजवर काही विचारलं नाही.' मग त्यांची रिक्षा आली. मी त्या नाटकाच्या पुढच्या प्रयोगापासून बायकोचा एक संवाद बदलला, आणि तुमच्या संहितेत बायकोच्या प्रवेशाशेजारी पेन्सिलीने सगळ्यात जास्त लिहिलं आहे तेही त्यामुळेच.

भाषेचं बघू. दुसऱ्या अंकात तुमचा नवरा आईला सांगतो, 'मी समलैंगिक आहे.' ठाण्या-वाशीतलं कोणीही आपल्या आईशी असं बोलत नाही. तो शब्द वर्तमानपत्राचा आहे. 'गे' म्हणेल, कारण परकी भाषा बोचत नाही. किंवा शब्दच वापरणार नाही: 'आई, मला बायकांबद्दल तसं कधी वाटलं नाही.' आणि आई? ती 'तसा', 'तसलं' यावर भागवेल. 'म्हणजे तू तसा आहेस?' या 'तसा'मध्ये भीती असू शकते आणि मायाही. आईचं काम करणाऱ्या बाईंना तो एक शब्द पाच तऱ्हांनी म्हणायला लावा, त्या प्रवेशात दुसरं काही लागणार नाही.

तिथेच तुम्ही एक शाब्दिक कोटी ठेवली आहे. मुलगा 'गे' म्हणतो आणि आई 'गे माय'वर जाते. हशा शंभर टक्के येईल, आणि त्या हशात मुलाने आयुष्यभर गोळा केलेला धीर वाहून जाईल. काढा.

आता चुका, म्हणजे खऱ्या चुका. मंचावर न दिसणारा तुमचा वकील म्हणतो, '३७७ खाली गुन्हा दाखल होईल,' म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या दंड संहितेच्या कलमाखाली. नाटक आजचं असेल तर हे चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे संबंध या कलमातून बाहेर काढले, आणि १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. मित्र म्हणतो, 'आता आपण लग्न करू शकतो.' तेही चूक. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला नकार दिला. उलट यातून प्रवेश निघतो: पंधरा वर्षं जीव लावलेल्या माणसाला उद्या दवाखान्यात भरती केलं तर फॉर्मवरच्या 'नातं' या रकान्यात लिहायचं काय? घटस्फोटाचं म्हणाल तर तुमचा वकील आठवड्यात मोकळं करून देतो. परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्जानंतर सहा महिन्यांची मुदत असते. ती योग्य प्रकरणात माफ होऊ शकते असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं आहे. तरीही आठवडा नाहीच.

डॉक्टरचा उल्लेखही तपासा. 'यावर उपचार आहेत' असं तो म्हणतो आणि नाटक त्याला खोडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून १९९० सालीच काढलं. अशा 'उपचारां'ना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. असे डॉक्टर दुर्दैवाने भेटतात, म्हणून पात्र ठेवायला हरकत नाही. पण त्याचं म्हणणं खरं समजून एखादी आई घरी जाऊन तेच करायला लागेल, याची जबाबदारी आपल्यावर येते.

आणि तारखा फक्त चुका टाळण्यासाठी नसतात. तुमच्या नवऱ्याचं वय चाळीस, लग्नाला दहा वर्षं. नाटक २०२४ मध्ये घडतं असं धरा. म्हणजे तो १९८४ चा. २ जुलै २००९ रोजी असे संमतीचे संबंध गुन्हा नाहीत हा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा पंचवीस वर्षांचा. नोकरी लागलेली, मित्र जवळ, आणि पहिल्यांदाच वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आपल्याबद्दल. तेव्हा त्याला वाटलं असेल, दिवाळीत आईला सांगू. मग पुढच्या दिवाळीत. असं करता करता ११ डिसेंबर २०१३ उजाडतो, सर्वोच्च न्यायालय तो निकाल फिरवतं, आणि तो एका दिवसात पुन्हा गुन्हेगार होतो. घरात स्थळं बघणं चालूच आहे. २०१४ मध्ये लग्न. आणि २०१८ मध्ये दार उघडतं तेव्हा घरात तान्ही मुलगी असते. 'मी भित्रा होतो' या एका वाक्यावर तुमच्या लेखकाने त्याचं लग्न उरकलं आहे. हे चार पावलं टाकून त्याला लग्नापर्यंत आणा. बायकोने विचारावं, 'आणखी चार वर्षं थांबला असतास तर?' त्याला उत्तर देता येऊ नये.

शेवट मला मान्य नाही. मित्र आत्महत्या करतो आणि नवरा-बायको त्याच्या फोटोसमोर एकत्र उभे राहतात. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगमंचावर आलं. रोहिणी हट्टंगडींनी त्यात मित्रा नावाच्या मुलीचं काम केलं होतं. त्यातही ती मुलगी शेवटी जीव देते. त्या काळात, त्या कोंडीत, त्या मृत्यूला मराठी प्रेक्षकाने पाहिलं हेच मोठं होतं. एका मुलीला मुलगी आवडते हे वाक्य मध्यमवर्गीय घरात त्या नाटकाने पोहोचवलं. पण चाळीस वर्षांनंतर तुम्ही तोच मृत्यू पुन्हा आणता तेव्हा त्याने तुमच्या लेखकाची सोय होते, एवढंच. मित्र गेला की जेवणाचं टेबल पुन्हा तिघांचं उरतं, कोणालाच काही ठरवावं लागत नाही. शिवाय मघाचा तो विंगेतला मुलगा आठवा. त्याने आपल्यासारख्या माणसाचा शेवट दर वेळी हाच पाहायचा का? मित्राला जिवंत ठेवा. त्याला रागवू द्या. पंधरा वर्षं 'थांब, बघू' ऐकत राहिलेल्या माणसाचा राग तुमच्या नाटकात कुठेच नाही.

जुन्या मंडळींचं 'आपल्याकडे चालायचं नाही' हे मी आदराने खोडतो. ज्या विष्णुदास भाव्यांचं नाव वाशीच्या नाट्यगृहाला आहे, त्यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा स्त्रीभूमिका पुरुषच करत होते. पुढे बालगंधर्वांचं लुगडं कसं नेसलंय हे बघून घराघरांतल्या बायका नेसायला लागल्या. सतीश आळेकरांनी १९७९ मध्ये 'बेगम बर्वे'मध्ये असा एक स्त्रीपार्टी नट, त्याचं एकटेपण आणि त्याच्या इच्छा समोर आणल्या. चेतन दातारांच्या 'एक माधवबाग'मध्ये तर मुलाची डायरी वाचणारी आईच सगळं बोलते. मराठी प्रेक्षकाने हे सगळं बघितलेलं आहे. त्याला विषयाचं ओझं होत नाही, उपदेशाचं होतं. ठाण्याचा रविवार दुपारचा प्रेक्षक मी ओळखतो. सासूबाईंना घेऊन येतो, मध्यंतरात ओळखीच्यांना भेटतो, आणि दुसऱ्या अंकात माणूस दिसला तर शेवटपर्यंत हलत नाही.

नाट्यगृह निवडताना मात्र पहिलाच प्रयोग गडकरी रंगायतनच्या मोठ्या मंचावर लावू नका. घाणेकरचं मिनी थिएटर बघा. डोळ्यांत थेंब टाकण्याचा प्रवेश तिथे पापणीसकट दिसेल. तिथे आठ-दहा प्रयोग मुरले की मग गडकरी, मग वाशीचं भावे. संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडे, वेळेत पाठवा. प्रमाणपत्राशिवाय जाहीर प्रयोग लावता येत नाही आणि शेवटच्या आठवड्यात कोणी घाईने वाचून देत नाही. घाबरून आधीच स्वतःची कात्री चालवू नका. तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'च्या वेळी दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि प्रयोग सोडवून आणला. तुमच्या संहितेत तर शिवीसुद्धा नाही. जे मंजूर होईल तेच बोला, नटांनी ऐन वेळी घातलेल्या पदरच्या ओळी इथे फार महागात पडतात.

शेवटचं काम, आणि हे कोणत्याही बदलाआधी करा. हे आयुष्य जगलेली एक-दोन माणसं तालमीला बसवा. तबलजीला मानधन देता तसं त्यांनाही द्या, श्रेयनामावलीत नाव हवं की नको हे त्यांना ठरवू द्या. मघा सांगितलेला तो मुलगा आता लाइट्सची कामं करतो. त्याच्याशी बोललो, तो यायला तयार आहे. अशीच दहा वर्षं संसार केलेली आणि आता वेगळी राहणारी एखादी बाई तुमच्या ओळखीत असेल तर तिलाही विचारा, आणि ती नको म्हणाली तर पुन्हा विचारू नका.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला वाचन ठेवा. मी येतो. सेक्रेटरीचं काम करणाऱ्या नटाला आधी फोन करून सांगा, परस्पर कळायला नको. वकिलाचं पात्र आता प्रत्यक्ष दिसायला हवं, ते त्याला द्या. आईच्या बाईंना नक्की बोलवा. आणि टेबलावर ड्रॉप्सची एक रिकामी बाटली ठेवा.